दमसरांनी नातीला लांब पाठवलं

आमच्या शाळेत कवायत आणि खेळ शिकवणाऱ्या सरांना सगळे दमसर म्हणायचे. मुलं धावून धावून खाली बसली, की ते कमरेवर हात ठेवून ओरडायचे, "काय रे, एवढ्यात दम गेला?" त्यावरून ते नाव पडलं आणि असं चिकटलं, की नव्या मुख्याध्यापिकाबाई एकदा भर सभेत "दमसर, जरा पुढे या" म्हणून गेल्या आणि मग त्यांनी जीभ चावली. सरांना त्याचं काही वाटलं नाही. उलट दिवसभर खुशीत होते.

मी त्याच शाळेत चित्रकला शिकवायचो आणि राहायलाही त्यांच्याच इमारतीत, बरोबर त्यांच्या खालच्या मजल्यावर होतो. म्हणजे शाळेत कानाशी शिट्टी आणि घरी डोक्यावर दोरीच्या उड्या. एकदा माझ्या छताचा पोपडा पडला. मी तणतणत वर गेलो, तर त्यांनी दोरी माझ्याच हातात दिली. म्हणाले, "छताचं काय घेऊन बसलात? ते कधीही दुरुस्त होईल. पोट बघा स्वतःचं!"

या माणसानं उभ्या आयुष्यात सिगारेटला हात लावला नव्हता. चहासुद्धा पीत नसत. स्टाफरूममध्ये कुणी काडी ओढली, की हे खिडकी उघडायला धावायचे. मुलगी लहान असतानाच बायको तापानं गेली. नातेवाइकांनी पुष्कळ स्थळं आणली, पण यांनी कुणाला दाराशी उभं केलं नाही. मुलीला एकट्यानं वाढवलं. तिच्या वेण्या स्वतः घालायचे, आणि त्या इतक्या घट्ट, की बिचारीचे डोळे ताणले जायचे. शाळेत जाईपर्यंत ती सदा आश्चर्य वाटल्यासारखी दिसायची. मोठी झाल्यावर ती पळण्यात जिल्ह्यात पहिली आली, तेव्हा हा माणूस मैदानाच्या कोपऱ्यात जाऊन, लोकांकडे पाठ करून रडला होता.

ते मैदान म्हणजे त्यांचा जीव. पुढे त्याच्या कडेनंच उड्डाणपूल झाला. पुलावर ट्रक आणि पुलाखाली तुंबलेल्या गाड्या, सकाळपासून नुसता घरघराट. मैदानाच्या भिंतीवर मी मुलांकडून चित्रं काढून घेतली होती. वर्ष उलटायच्या आत ती ओळखू येईनात. ओल्या फडक्यानं पुसलं, तर फडकं तव्याच्या बुडासारखं काळं व्हायचं. थंडीत तर कठीण. सकाळी मैदानाच्या या टोकाला उभं राहिलं, की पलीकडचा गोलपोस्ट दिसायचा नाही. लोक त्याला धुकं म्हणायचे. पण धुक्याला असा जळका वास नसतो आणि धुक्यानं घसा खवखवत नाही.

मी एकदा म्हटलं, "सर, अशा हवेत पोरांना पळवता?"

"शहर वाढणार, गाड्या वाढणार. आपण काय नाकं दाबून बसायचं?" ते म्हणाले. "फुप्फुसं वापरली तर टिकतात. घरात बसून गंजतात. तुमच्यासारखी."

तोंडाला मास्क लावून शाळेत येणाऱ्या मुलांची ते थट्टा करायचे. "काय रे, दरोडा घालायला निघालास का?"

मुलीचं लग्न झालं तेही याच शहरात, दोन बसथांबे सोडून. जावई थंड गोदामांची यंत्रं सांभाळणारा, कामापुरतं बोलणारा माणूस. त्यांना मुलगी झाली. तिचं नाव कागदावर काहीही असो, आजोबांनी तिला ठकू म्हणायला सुरुवात केली आणि ती ठकूच राहिली. गोल चेहऱ्याची, बडबडी, आणि आजोबांची नक्कल करण्यात पटाईत. कमरेवर हात ठेवून आईलाच विचारायची, "काय गं, एवढ्यात दम गेला?"

पण ठकूची छाती बाळपणापासून वाजायची. सर्दी झाली की शिट्टी, हवा गार झाली की शिट्टी. डॉक्टरांनी दमा सांगितला आणि श्वासाचा पंप दिला. दमसरांना ते पटेना. नावातच दम असलेल्या माणसाच्या घरात दमा कसा येईल, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात असावं. मुलीला म्हणायचे, "पंपानं सवय लागते. माझ्याकडे सोपव. वर्षभरात हरणासारखी पळेल."

मुलगी नाही म्हणू शकली नाही. तिला स्वतःला याच माणसानं घडवलं होतं.

त्या थंडीत दमसर ठकूला रोज सकाळी शाळेच्या मैदानावर आणू लागले. आधी नुसतं चालणं, मग हळूहळू पळणं. मी वर्गाच्या खिडकीतून बघायचो. पुढे शिट्टी गळ्यात घालून उलटे पळणारे आजोबा आणि मागे लाल स्वेटरमधली ठकू. एके दिवशी हवा फारच दाटली होती. ठकू पळता पळता थांबली आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकली. दमसर टाळ्या वाजवत ओरडले, "थांबायचं नाही, थांबायचं नाही! अजून एक चक्कर!" ती दोन पावलं धावली आणि खाली बसली. मी धावत गेलो, तेव्हा तिचे ओठ निळसर झाले होते आणि खांदे कानापर्यंत उचलले जात होते. तोंड उघडं, पण आवाज नाही. जी पोर झोपेतही बोलायची, तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

पंप घरी राहिला होता. दमसरांनीच राहू दिला होता.

ते तिला उचलून पळाले. पुलाखाली गाड्या खच्चून तुंबल्या होत्या, त्यामुळे टॅक्सीचा उपयोग नव्हता. त्या गाड्यांच्या मधून, त्यांच्या धुरातून, नातीला छातीशी धरून तो माणूस रुग्णालयापर्यंत धावत गेला. मी मागे राहिलो. मी पोचलो तेव्हा ठकूच्या तोंडावर वाफेचा मास्क होता आणि दमसर बाकावर बसून खोकत होते. खोकला थांबत नव्हता. एवढं अंतर त्यांना एरवी काहीच नव्हतं.

ठकू वाचली. संध्याकाळी मुलगी बापाजवळ येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ही काय वाटेल ते बोलणार. पण ती एवढंच म्हणाली, "बाबा, मी तिला आता तुमच्याकडे ठेवणार नाही." त्यांनी मान हलवली. वर पाहिलं नाही.

तिथल्याच छातीच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांचा खोकला ऐकला होता. दुसऱ्या दिवशी त्यांनाही तपासायला बोलावलं. आधार म्हणून मी सोबत गेलो. नळीत जोरात फुंकायची तपासणी होती. दमसरांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या, छाती फुगवली आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. फुंकले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "परत एकदा, पूर्ण जोर लावून." ते परत फुंकले. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी कपाळावरची शीर टरारून आली होती, आणि पडद्यावरची रेघ पहिल्या दोन्हींपेक्षा आखूड उमटली.

"किती वर्षं सिगारेट ओढता?" बाईंनी विचारलं.

"मी? एकही नाही!"

"विडी? तंबाखू? घरात दुसरं कुणी?"

"अहो बाई, मी चहा पीत नाही!"

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "काम कुठे करता?"

दमसर वर केलेल्या बाह्या खाली ओढू लागले. मग मीच सांगितलं, मैदानावर, पुलाच्या कडेला, सकाळ-संध्याकाळ.

"बसलेल्या माणसापेक्षा पळणारा माणूस कितीतरी पट हवा आत घेतो," बाई म्हणाल्या. त्यांचा स्वर कडक नव्हता. "चांगली हवा असेल तर चांगलंच आहे. पण तुम्ही इतकी वर्षं हीच हवा ओढलीत. गेलं ते परत येत नाही. आहे ते जपू या."

बाहेर आल्यावर मला वाटलं, हे स्वतःबद्दल काही बोलतील. रस्ता ओलांडताना ते थांबले आणि म्हणाले, "मी किती पोरांना पळवलं हो?"

मागून हॉर्न वाजला, तसं मी त्यांना हाताला धरून पलीकडे नेलं.

त्यानंतर ज्या दिवशी हवा वाईट, त्या दिवशी ते मुलांना मैदानावर सोडेनात. वर्गात बसवून कॅरम खेळायला लावायचे. पहिल्या आठवड्यात मुलं हरखली, मग कंटाळली. पालक आले. "सर, पोरं हातापायांनी लुळी होतील. घरी मोबाइल, शाळेत कॅरम, मग व्यायाम करायचा कधी?" यातले निम्मे पालक त्यांचेच विद्यार्थी. त्यांचीच वाक्यं त्यांना परत ऐकवत होते. मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावून घेतलं. आंतरशालेय स्पर्धा तोंडावर आल्या होत्या.

"सर, सगळ्या शाळा सराव करतायत. हवा काय आपल्या एकट्यांचीच वाईट आहे?"

"नाही ना बाई. म्हणून तर म्हणतो."

"मग पुलाला मी काय करू? उचलून दुसरीकडे ठेवू?"

त्या चुकीचं बोलत नव्हत्या. त्यांच्या हातात काही नव्हतं आणि दमसरांच्याही. पुढच्या सत्रात नवा तरुण शिक्षक आला आणि दमसरांना ग्रंथालयात बसवलं. तिथली धूळ त्यांना सोसेना. त्यांनी नोकरी सोडली. निरोपाच्या दिवशी खिडकीबाहेर नव्या शिक्षकाची शिट्टी वाजत होती आणि भाषण करणारे मधेमधे थांबत होते.

मग त्यांनी एकच ध्यास घेतला, ठकूला या शहरातून बाहेर काढायचं. जावयाच्या कंपनीचं लांब समुद्रकाठच्या एका छोट्या गावात मासळी साठवायचं गोदाम होतं. तिथे जायला कुणी तयार नसायचं. दमसर रोज संध्याकाळी मुलीच्या घरी जाऊन बसू लागले. जिना चढताना आता ते मजल्यामजल्यावर थांबायचे आणि कुणी बघितलं, की बुटाची नाडी बांधल्यासारखं करायचे.

"बाबा, तुम्हाला एकटं टाकून मी कुठेही जाणार नाही," मुलगी म्हणायची.

"एकटा कसला? खाली चित्रकार आहे ना!" असं म्हणून ते माझ्या खांद्यावर हात टाकायचे. मग एक दिवस मात्र त्यांचा आवाज चढला. "तू माझ्याजवळ राहून काय करणार आहेस? माझ्या तोंडात हवा भरणार आहेस? तिला घेऊन जा!"

शेवटी मुलगी, जावई आणि ठकू तिकडे गेले. निघताना ठकू टॅक्सीच्या खिडकीतून ओरडत होती, "आबा, तिकडे या! तिकडे वाळूत पळायचं!"

तिकडे ठकू सुधारली, हे अगदी खरं. महिना-दीड महिन्यात छाती वाजायची थांबली. पंप कपाटात गेला. मुलगी फोनवर सांगायची आणि दमसर फोन ठेवून माझ्याकडे खाली येऊन तेच परत सांगायचे. "काल पोहली म्हणे! अहो, पोहली!" मुलगी जिल्ह्यात पहिली आली, त्यानंतर मी त्यांना इतकं आनंदात पाहिलं नव्हतं.

इकडे ते खंगत चालले होते. पुढच्या थंडीत डॉक्टरीणबाईंनी घरी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं. पेटीएवढं मशीन, त्यातून लांबलचक नळी निघून नाकाशी. नळी जिथवर पोचेल तिथवर घर. न्हाणीघरापर्यंत पोचायची, सज्ज्यापर्यंत नाही. सज्ज्याचा तसाही उपयोग नव्हता, दारं-खिडक्या बंद करून फटींना चिकटपट्ट्या लावल्या होत्या. तरी सकाळी टेबलावर बोट फिरवलं, की रेघ उठायची.

हे सगळं मुलीपासून लपवलेलं. फोन आला की ते नळी काढून ठेवायचे, गालावरचे नळीचे वळ चोळून घालवायचे आणि कॅमेऱ्यासमोर ताठ बसायचे.

"बाबा, मागे कसला आवाज येतोय?"

"फ्रिज."

"एवढा?"

"म्हातारा झालाय. माझ्यासारखा नाही राहिला."

लांब वाक्य बोलता यायचं नाही, म्हणून ठकूलाच बोलतं ठेवायचे. ती शिंपल्यांच्या गोष्टी सांगायची आणि हे नुसते "मग? मग?" करायचे. फोन बंद झाला, की मी नळी पुढे करायचो. बोटाला लावायच्या चिमट्यातला आकडा वर यायला वेळ लागायचा, तोपर्यंत आम्ही दोघंही त्या आकड्याकडे बघत बसायचो. एकदा मी म्हटलं, "सर, सांगून टाका हो तिला." ते म्हणाले, "सांगितलं की ती येणार. ती आली की ठकू येणार. समजतंय ना?"

समजत होतं. म्हणून मीही गप्प राहिलो.

आणि मग एका दुपारी वीज गेली. मशीनसोबतचा राखीव सिलिंडर वीज परत यायच्या आतच संपला. मी वर गेलो, तेव्हा दमसर जमिनीवर बसून, पलंगाच्या कडेला दोन्ही हातांनी धरून श्वास खेचत होते, ठकू मैदानावर खेचत होती तसाच. रुग्णवाहिका आली, पण पुलाखाली बराच वेळ अडकली. अतिदक्षता विभागात घशात नळी घालायची तर रक्ताच्या नातेवाइकाची परवानगी हवी होती. मी मुलीला फोन केला. करावाच लागला.

दमसर वाचले. डोळे उघडले, तेव्हा समोर मुलगी होती. त्यांना बोलता येत नव्हतं, घशात नळी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरू शकलेलो नाही. रागाची नव्हती. स्पर्धा हरलेल्या मुलाची असते तशी होती.

नळी निघाल्यावर त्यांचा पहिला शब्द होता, "ठकू?"

"आलीय. खाली आहे तिच्या बाबांजवळ."

"परत... जा."

"जाते. तुम्ही चला आमच्याबरोबर."

हा विचार तिनं खरोखर मनापासून केला होता. डॉक्टरीणबाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, हवेचं म्हणाल तर आजच घेऊन जा. पण तिथे मशीनला चोवीस तास वीज मिळेल का? मुलीनं खाली पाहिलं. पावसाळ्यात तिथे दोन-दोन दिवस वीज नसते. आणि असंच पुन्हा झालं, तर छातीचा डॉक्टर किती लांब? दिवसभराचा रस्ता. जिथे श्वास घ्यायला हवा होती, तिथे त्यांना जगवायची सोय नव्हती. जिथे सोय होती, तिथे ही हवा.

"मला इथं... माणूस ठेवून द्या," दमसर म्हणाले. "पगारी. मी भांडणार नाही त्याच्याशी."

"तुम्ही? भांडणार नाही?" मुलगी हसली आणि हसता हसता रडायला लागली. "बाबा, माझ्या वेण्या घालायला तुम्ही माणूस ठेवला होता का?"

त्यांनी हात उचलून तिच्या केसांवर ठेवला.

जावई एकटाच समुद्रकाठी परत गेला, नोकरी सोडून चालणारं नव्हतं. मुलगी आणि ठकू वरच्या मजल्यावर राहायला आल्या. ठकूला आमच्याच शाळेत घातलं. पहिले काही आठवडे बरे गेले, पाऊस नुकताच होऊन गेला होता. मग थंडी पडली आणि एका सकाळी मला छतातून खोकला ऐकू आला. दमसरांचा खोकला मी ओळखत होतो. हा बारीक होता.

आता त्या घरात दोन मशीनं आहेत. पलंगाच्या या बाजूला आजोबांचं, त्या बाजूला ठकूचं वाफेचं. ठकू वाफ घेत असते, तेव्हा तिला बोलता येत नाही आणि दमसरांना तसंही येत नाही. दोघं एकमेकांकडे बघत, बोटांनी काहीतरी खुणा करत बसतात. मुलगी मधे खुर्चीवर, नवऱ्याशी फोनवर हळू आवाजात बोलत असते. तो विचारतो, कधी येणार? ती म्हणते, बघू. या उत्तराचा खरा अर्थ काय, ते घरातल्या प्रत्येकाला कळतं. दमसरांना तर फारच.

परवा मी वर गेलो होतो. मुलगी औषधं आणायला बाहेर गेली होती. दमसरांनी मला जवळ बोलावलं. एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "मी लवकर... गेलो तर... त्या जातील ना परत?"

"भलतंसलतं बोलू नका, सर," मी म्हटलं.

"तुम्ही... चित्र काढता. खोटं... नाही जमत तुम्हाला." ते किंचित हसले. मग डोळे मिटून पडून राहिले.

ठकू आतल्या खोलीत अभ्यास करत होती. तिनं तिथूनच विचारलं, "आबा, काय म्हणालात?"

"काही नाही गं," मी म्हटलं. "पाणी हवंय त्यांना."

ती उठून पाणी आणायला गेली. दोन खोल्यांएवढं अंतर, पण स्वयंपाकघराच्या दाराशी ती थांबली, चौकटीला धरून उभी राहिली, आणि छाती शांत झाल्यावर पुढे गेली.